जुनं स्वयंपाकघर नवं करताना: आधी काय, नंतर काय

ट्रॉल्या आल्या, सुतारानं चॅनेल (ज्यावर ट्रॉली सरकते ते रूळ) ठोकले आणि भिंतीलगतच्या खणात शेवटची ट्रॉली शिरेचना. माप मीच दिलं होतं, पण नुसत्या गिलाव्यावरून. नंतर त्या भिंतीवर मसाला आणि टाइल मिळून सव्वा इंच चढलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुकानदारानं बनवलेली ट्रॉली परत घेतली नाही, आणि का घ्यावी? ती अजून माळ्यावर आहे.

तेव्हापासून स्वतःच्या दोन आणि ओळखीच्यांच्या चार-पाच स्वयंपाकघरांच्या कामात लुडबुड केली. माल खराब निघाला म्हणून काम बिघडलेलं क्वचितच पाहिलं. बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. म्हणून या लेखात रंगसंगती आणि डिझाइन नाही, फक्त क्रम आहे.

डोळ्यांसमोर धरलंय ते १९८५ ते २००० च्या दरम्यान बांधलेल्या सोसायटीतलं, आठ बाय दहाचं स्वयंपाकघर: कडप्प्याचा ओटा, गंजके जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, चार इंची पांढऱ्या टाइल्स आणि मध्येच एका टाइलवर फळांच्या परडीचं चित्र. ‘स्वतः करणं’ म्हणजे हातात छिन्नी घेऊन सगळंच फोडणं नव्हे. इंटिरिअरवाला आणि ठेकेदार न नेमता गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांना वेगवेगळं बोलावून मुकादमी आपण करायची. कपाटं उतरवणं, रंग, हँडल, ग्राउट (टाइल्समधल्या फटी भरणं), सिलिकॉन ही कामं हौस असेल तर खरोखर स्वतः करता येतात. गॅस, वायरिंग आणि आरसीसीला (काँक्रीटचे कॉलम, बीम, स्लॅब) हात लावायचा नाही.

१. किती बदलायचं ते आधी ठरवा

घर वर्ष-दोन वर्षांत विकायचं असेल तर गिऱ्हाईक काय बघतं ते ध्यानात घ्या. ते नळ सोडून पाण्याला जोर आहे का बघतं. सिंकखालचं दार उघडून वास घेतं. छताकडे मान वर करून ओल शोधतं. मिक्सर, फ्रिज, मायक्रोवेव्हला प्लग कुठे आहेत विचारतं. शटरचा रंग त्यानंतर. तेव्हा पैसे आधी पाइप, वायर, ओटा, टाइल आणि उजेडावर घाला. चकचकीत ॲक्रिलिक शटरचा भडक रंग तुम्हाला आवडला तरी पुढच्याला आवडेलच असं नाही, आणि त्यात घातलेले पैसे सुटत नाहीत.

ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर जीआय पाइप आतून गंजलाय, तो बदलायचाच. प्लगच्या तिसऱ्या भोकात अर्थिंगची वायर खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण जुन्या घरांत भोक असतं आणि मागे काहीच नसतं. छताला फुगवटा किंवा गंजाचे डाग असतील तर स्वयंपाकघराचं काम थांबवून आधी सोसायटीमार्फत स्लॅब दुरुस्त करा.

थांबा: सिंक किंवा मोरी सरकवून खालच्यांच्या बेडरूमवर आणू नका. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडून ‘ओपन किचन’ करण्याचा मोह तर फार जणांना होतो. लोड बेअरिंग इमारतीत भिंतच स्लॅब पेलते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि लागेल ती परवानगी हातात आल्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

२. सोसायटी आणि खालचे शेजारी

सोसायटीला पत्र द्या आणि कामाच्या वेळा, अनामत रक्कम, लिफ्टनं माल नेता येतो का, हे लेखी घ्या. दुपारी ठोकाठोक चालत नसेल तर गवंड्याचा दिवस अर्धाच पडतो. ते वेळापत्रकात आधीच धरा. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठला आणि तो कोण बंद करतं, हेही याच वेळी विचारा. नाहीतर कामाच्या दिवशी प्लंबर दारात उभा आणि वॉचमन गावाला, असं होतं.

बहुतेकांकडून राहून जातं ते हे: खालच्या घरी जाऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढा आणि त्यांनाही पाठवा. महिन्याभरानं “तुमच्या कामामुळे ओल आली” असं कुणी म्हटलं तर वाद दोन मिनिटांत मिटतो. ओल खरंच तुमच्यामुळे आली असेल तर तेही कळतं.

राडारोडा उचलण्याची सोय ठरल्याशिवाय तोडफोडीची तारीख देऊ नका. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. इतर गावी पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. टेंपोवाल्यानं तो नाल्याकाठी ओतला तर बालंट तुमच्यावरही येऊ शकतं.

३. वस्तू आधी, आराखडा नंतर

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. लोक आधी ओटा करतात आणि मग सिंक आणायला जातात. उलट करा. सिंक, शेगडी किंवा हॉब (ओट्यात बसवायची शेगडी), चिमणी, आरओ, मायक्रोवेव्ह, फ्रिज आणि घ्यायचा असेल तर डिशवॉशर, यांचं मॉडेल नक्की करून प्रत्येकाची मापं लिहून घ्या. सिंक आणि हॉब तर प्रत्यक्ष घरात आणून ठेवा, कारण ग्रॅनाइटमधला कट त्यावरून मारायचा असतो.

मग आलेखाच्या कागदावर खोली काढा. भिंती काटकोनात आहेत असं धरून चालू नका. जुन्या घरात एकाच भिंतीचं माप जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला आणि वर घेतलं तर तीन वेगळे आकडे येतात. त्यातला सर्वात लहान आकडा धरा.

ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या माणसावरून ठरते. त्या माणसानं सरळ उभं राहून हात कोपरात वाकवावा. कोपरापासून साधारण चार इंच खाली ओट्याची वरची कड यावी. बहुतेक घरांत ते ३२ ते ३५ इंचांत येतं. चपात्या लाटणाऱ्याला थोडं खाली बरं, भाज्या चिरणाऱ्याला थोडं वर. आमच्याकडे गवंड्यानं “सगळीकडे इतकंच असतं” म्हणत आपल्या हिशोबानं उंची धरली. आई वर्षभर पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होती.

तपासा: ही उंची नव्या फरशीपासून मोजायची. जुन्या फरशीवर नवी बसवणार असाल तर जमीन इंचभर वर येते. दार घासेल का, हॉलमधून येताना उंबरठ्यासारखी ठेच लागेल का, हेही आताच बघा.

४. तात्पुरतं स्वयंपाकघर

चार ते पाच आठवडे धरा. कुणी पंधरा दिवस म्हणालं तर हसून सोडून द्या. एक इंडक्शन, एक कुकर, दोन पातेली आणि पाण्याचा पिंप हॉलच्या कोपऱ्यात. भांडी बाथरूममध्ये. बाकीचं खोक्यांत भरून खोक्यावर आत काय आहे ते लिहा, नाहीतर हिंगाच्या डबीसाठी सात खोकी उघडावी लागतात. सिलिंडर बंद कोपऱ्यात किंवा पलंगाखाली ठेवू नका.

५. तोडफोड

क्रम असा: पाइप गॅस असेल तर गॅस कंपनीच्या माणसाकडून लाइन बंद करून घ्या, सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढा. मग स्वयंपाकघराची वीज मुख्य बोर्डावरून बंद. मग पाणी बंद. मग शटर आणि कपाटं उतरवा. त्यानंतर टाइल्स वरून खाली काढा आणि ओटा शेवटी फोडा. जुना ग्रॅनाइट धड असेल तर कटरनं कापून उभा उतरवा. खिडकीच्या चौकटीला किंवा ड्राय बाल्कनीतल्या कट्ट्याला तो कामी येतो.

पण पहिला हातोडा पडण्याआधी नहाणी ट्रॅप (जमिनीतली सांडपाण्याची जाळी) आणि सिंकच्या वेस्ट पाइपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबून वर प्लास्टिक बांधा. दोन मिनिटांचं काम आहे. ते न केल्यानं सिमेंटची खपली आत जाऊन बसते आणि तीन महिन्यांनी अख्ख्या उभ्या लाइनचं पाणी तुंबतं.

गोणी अर्धीच भरा. पूर्ण भरलेली राडारोड्याची गोणी एका माणसाला उचलत नाही, आणि ती जिन्यात फुटली की सोसायटीशी संबंध बिघडतात. कॉलम, बीम आणि माळ्याचा स्लॅब यांवर ब्रेकर लावू द्यायचा नाही. बिगारी घाईत असतो, म्हणून खडूनं फुली मारून ठेवा.

६. वायर आणि पाइप: इथे वेळ घाला

भिंत उघडी असते ती याच चार-पाच दिवसांत. जे राहिलं ते पुढची पंधरा वर्षं राहिलं.

आधी इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर दोघांना एकाच दिवशी बोलावून भिंतीवर खडूनं खुणा करून घ्या. ओट्याची वरची कड, सिंकचा मध्य, शेगडीचा मध्य, चिमणीची खालची कड, फ्रिजची बाजू, सगळं भिंतीवर प्रत्यक्ष उंचीला आखा. मग प्रत्येक जागी उभं राहून खोटाखोटा स्वयंपाक करा. हसण्यासारखं वाटतं, पण मिक्सरचा प्लग डाव्या हाताला हवा होता हे असंच कळतं.

वीज: फ्रिज, मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि डिशवॉशरला १६ ॲम्पियरचे प्लग, मिक्सर आणि आरओला ६ ॲम्पियरचे पुरतात. १६ ॲम्पियरच्या प्लगला निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. दिव्यांना १.५ पुरते. स्वयंपाकघराचे एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच) वेगळे आणि वर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ओल्या हातानं प्लगला हात लागला तर जीव वाचवतो तो हाच. शेगडीच्या वर आणि सिंकच्या लगत प्लग नको. फ्रिजचा प्लग फ्रिजच्या पाठीमागे नको, बाजूला, हात पोचेल असा. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पाणी: गरम पाण्याच्या लाइनला उष्णता सोसणारा सीपीव्हीसी प्लास्टिक पाइपच, गार पाण्याचा यूपीव्हीसी नाही. दोन्हींचं जोडणीचं सिमेंट वेगळं असतं. प्लंबरच्या पिशवीत एकच डबा असतो, तो कुठला ते वाचा. सिंकला गरम आणि गार असे दोन पॉइंट, आरओला वेगळा, डिशवॉशरला वेगळा, आणि सगळ्यांना मिळून एक स्टॉपकॉक स्वयंपाकघरातच. नंतर वॉशर बदलायला घरभराचं पाणी बंद करावं लागत नाही.

चिमणीच्या पाइपसाठी सहा इंची भोक कोअर कटिंगनं (गोल भोक पाडणाऱ्या यंत्रानं) बाहेरच्या भिंतीत पाडा, बीममध्ये नाही. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत वळत नाही. पाइपला जितकी वळणं तितकी चिमणी दमते. दोनपेक्षा जास्त लागत असतील तर शेगडीची जागा पुन्हा बघा.

तपासा, मगच भिंत बुजवा: सांधे जोडल्यावर एक दिवस सुकू द्या. सगळी तोंडं प्लगनं बंद करा, दाब तपासायच्या हातपंपानं पाण्याचा दाब चढवा आणि काही तास त्याच्या मीटरचा काटा हलतो का बघा. काटा उतरला तर गळती शोधा. प्लंबर म्हणेल, “साहेब, गॅरंटी आहे.” गॅरंटी त्याची, टाइल फोडायचा खर्च तुमचा. मग प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, आणि फोटोत पाइपशेजारी टेप धरलेला असू द्या. पुढे खिळा कुठे ठोकायचा नाही हे त्यावरून कळतं.

७. गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी

पाइप-वायरसाठी भिंतीत खोदलेल्या झिऱ्या बुजवताना वर जाळी लावून घ्या, नाहीतर नेमक्या पाइपवरून तडा जातो. नव्या गिलाव्यावर निदान आठवडाभर पाणी मारा. घाई सगळ्यात जास्त इथे होते, कारण या आठवड्यात डोळ्यांना दिसेल असं काहीच घडत नाही.

सिंकखालची भिंत, ओट्याखालची जमीन आणि ड्राय बाल्कनी इथे वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एकमेकांना आडवे-उभे. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे कोपरा गोलाईत भरून घ्या, गळती तिथूनच सुरू होते. ड्राय बाल्कनीत ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास तुंबवून ठेवा आणि खालच्यांच्या छताकडे बघून या. फोटो काढलेले आहेतच.

फरशी ओट्याच्या आधी. काही गवंडी टाइल वाचवण्यासाठी ओटा आधी करतात आणि ओट्याखाली कोबा ठेवतात. झुरळांना याहून चांगलं घर मिळणार नाही. टाइल मॅट घ्या. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा क्रमांक एकच आहे का ते घरी माल उतरवतानाच बघा. दहा टक्के जास्त घ्या, दोन-चार टाइल्स शेवटी माळ्यावर ठेवा. फरशी झाली की वर प्लास्टिक आणि त्यावर पीओपीचा थर, कारण अजून कडप्पा आणि ग्रॅनाइट यायचा आहे.

८. ओटा

प्लायवूडच्या कपाटांवर ग्रॅनाइट की कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर? मी कडप्प्याच्या बाजूचा आहे. सिंक गळलं तरी तो फुगत नाही आणि वाळवीला त्यात काही खायला मिळत नाही. प्लायवूडच हवा असेल तर आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्या. सिंकखाली पार्टिकल बोर्ड अजिबात नको.

उभ्या पाट्या बसवण्याआधी ट्रॉलीच्या दुकानात जा. स्टीलच्या बास्केट साधारण १५, १७, १९, २१ इंच अशा ठरावीक रुंदीत मिळतात, आणि टेलिस्कोपिक चॅनेल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातो. चॅनेल ठोकायला पट्टी लागत असेल तर तिची जाडी वेगळी. म्हणजे खण आधी आणि बास्केट नंतर नाही, बास्केटवरून खण. दुकानदाराकडून प्रत्येक खणाचं निव्वळ माप कागदावर घ्या आणि तो कागद गवंड्याच्या डोळ्यांसमोर भिंतीला चिकटवा. भिंतीलगतच्या खणात मसाला आणि टाइल यांसाठी सव्वा ते दीड इंच सोडा. माझी माळ्यावरची ट्रॉली विसरू नका.

पाट्या ओळंब्यात आणि एकमेकींना समांतर आहेत का, पुढे-मागे दोन्हीकडे टेप लावून बघा. पुढे १९ आणि मागे साडेअठरा असेल तर ट्रॉली निम्मी जाऊन अडते.

ग्रॅनाइट घेताना पांढऱ्या फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन काळ्या दगडावर घासा. फडकं काळं झालं तर दगडाला रंग दिलेला आहे, दुसरा बघा. लादी नेहमी उभी वाहायची, आडवी धरली की सिंकच्या कटपाशी मोडते. कटच्या चारही कोपऱ्यांना आधी गोल भोक पाडून मग कापलं तर कोपऱ्यातून तडा जात नाही. सिंकच्या आणि हॉबच्या पुढेमागे दगडाची अडीच-तीन इंचांची पट्टी शिल्लक राहिलीच पाहिजे. पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी खाली टपकतं, आत शटरपर्यंत जात नाही. खर्च जवळजवळ नाही, तरी मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

तपासा: ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. ते सिंककडे गेलं पाहिजे. भिंतीकडे गेलं तर मसाला ओला आहे तोवर उचलायला लावा.

९. भिंतीच्या टाइल्स

ग्रॅनाइटनंतर डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स. टाइल ग्रॅनाइटच्या वर टेकली की मागे पाणी जायला फट राहत नाही. माळ्यापर्यंत टाइल लावणं परवडत असेल तर लावा, फोडणीचे शिंतोडे दोन फुटांवर थांबत नाहीत. लावून झाल्यावर नाण्यानं प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर ती पुन्हा.

सिंक आणि शेगडीमागे इपॉक्सी ग्राउट. हे स्वतः करता येतं, पण एका वेळी थोडंच कालवा आणि टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजनं पुसा. उद्या पुसू म्हटलं तर ते उद्या दगड झालेलं असतं.

१०. रंग, मग ट्रॉल्या

छत आणि भिंतींचा घासकाम-पुट्टीसह रंग आता. शेवटचा हात फक्त नंतरसाठी ठेवा. ट्रॉल्या बसल्यावर पुट्टी घासली तर चॅनेलच्या बेअरिंगमध्ये पूड जाऊन बसते आणि ट्रॉली जन्मभर करकरते.

शटरची आणि ट्रॉल्यांची अंतिम मापं टाइल आणि ओटा पूर्ण झाल्यावर, दुकानदाराच्या माणसानं येऊन घ्यावीत, आणि त्या कागदावर त्याची सही असावी.

११. जोडणी

सिंक, नळ, बॉटल ट्रॅप (सिंकखालचा वास अडवणारा सांधा), आरओ, चिमणी, शेवटी शेगडी. चिमणीची खालची कड शेगडीपासून २६ ते ३० इंच, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच धरा.

सिलिंडरची सुरक्षा नळी नवीन घ्या, तिच्यावरची तारीख बघा, पाच वर्षांनी ती बदलायची असते. नळीला मध्ये जोड नको. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्याहून उंचावर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाच्या दाराला तळाशी भोकं हवीत. पाइप गॅसची जागा बदलायची असेल तर कंपनीकडे अर्ज करा, आणि तो पाइप कपाटात किंवा भिंतीत झाकू नका. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत.

ग्रॅनाइट आणि टाइल यांच्या सांध्यावर सिलिकॉन लावून चोवीस तास पाणी लागू देऊ नका. मग सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद अंथरून ठेवा. कागदावर थेंब पडला तर प्लंबरचा शेवटचा हप्ता अजून द्यायचा आहे ना? नसेल तर ती चूक पुढच्या वेळी करू नका.

१२. कागदांची पिशवी

पक्की बिलं घ्या आणि पैसे शक्य तितके बँकेतून द्या. घर विकताना भांडवली नफा काढताना घरात केलेल्या भांडवली सुधारणेचा खर्च वजा मागता येतो. साधी दुरुस्ती आणि रंगरंगोटी त्यात धरली जात नाही. नवा ओटा, वायरिंग, पाइप यांतलं काय बसतं ते बिलं समोर ठेवून सीएला विचारा. त्याच पिशवीत सोसायटीचं पत्र, वस्तूंची वॉरंटी कार्डं, टाइलच्या खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि टेप धरून काढलेले भिंतींचे फोटो छापून ठेवा. गिऱ्हाईक बघायला आलं की ते फोटो ओट्यावर पसरा.